चित्र पाचनंतर सात

१

कठडा पडला सोमवारी सकाळी सव्वासातला, सार्वजनिक जलतरण तलावाच्या जिना क्रमांक दोनवरून. त्याच्यासोबत तलावाचा रखवालदारही बारा फूट खाली आला. जीव वाचला, खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण आधीसारखा नाही.

आमचं ऑफिस इमारती तपासून अहवाल देतं. या तलावाचा अहवाल आम्हीच सहा महिन्यांपूर्वी दिला होता आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'चित्र १४ मधील कठड्याचे तळाचे बोल्ट झिजले आहेत. कठडा तातडीने बदलावा.' तो बदललाही होता. कामगार आले, त्यांनी चित्र चौदा उघडून पाहिलं, त्याखालची ओळ वाचली, 'जिना क्रमांक तीनचा कठडा', आणि जिना तीनवरचा धडधाकट कठडा कापून तिथे नवा बसवला. झिजलेला कठडा होता चित्र तेरामध्ये. तो जिना दोनवर तसाच राहिला.

मंगळवारी साहेबांनी मला आत बोलावलं. अहवालांची मांडणी तपासणं हे माझं काम. बाळंतपणाच्या रजेवरून येऊन मला तीनच आठवडे झाले होते. नऊ ते एक असा अर्धा दिवस, आणि एक वाजून एक मिनिटाने माझा जीव घराकडे धावायचा.

साहेबांनी निकाल आधीच लावून ठेवला होता. तेरा हवं तिथे चौदा टाइप झालं, तीन आणि चारची बटणं शेजारी, एक बोट घसरलं आणि एक माणूस पडला. शुक्रवारपर्यंत त्यांना माझ्याकडून एक टिपण हवं होतं, की अहवाल तपासला, टंकलेखनातला निष्काळजीपणा आढळला. खाली माझी सही.

टायपिस्ट म्हणजे आमच्या मावशी. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन महिने. असं टिपण वर गेलं की त्याच संध्याकाळी त्यांना घरी पाठवणार, आणि एकतीस वर्षांच्या शेवटी तो एक शब्द कायमचा राहणार.

"तुम्हाला फक्त सही करायची आहे," साहेब म्हणाले. "त्यात शोधायचं काय?"

मी अहवाल उचलला आणि बाहेर आले. मला सही करायची नव्हती, पण का करायची नाही हेही सांगता येत नव्हतं.

२

मावशी खिडकीजवळ बसतात. टेबलावर चष्म्याचं घर, पाण्याची बाटली आणि कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेला एक कागद. कागदावरचं अक्षर माझं. रजेवर जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना चित्रांखाली कॅप्शन घालायला शिकवलं होतं. चित्रावर उजवी टिचकी, 'कॅप्शन घाला', 'चित्र' हा शब्द आणि आकडा मशीन घालेल, आपण पुढची ओळ लिहायची. त्याआधी मावशी चित्राखाली सगळं हातानेच टाइप करायच्या, आकडा मध्ये आणायला स्पेसचं बटण वीस वेळा दाबायच्या. शिकल्यावर त्यांना इतकी गंमत वाटली, की जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून दाखवत होत्या.

मी स्टूल ओढून बसले. मावशींनी आधी छकुलीची चौकशी केली, दात आला का, रात्री उठते का, सासूबाईंकडे राहते का. मग स्वतःच म्हणाल्या, की तू कशाला आलीस ते मला कळलंय.

त्यांचं सांगणं सरळ होतं. तपासनिसाच्या वहीतून मजकूर टाइप केला, चित्रं घातली, कॅप्शन घातल्या. छापण्याआधी शेवटचं म्हणून मजकुरातला एकेक आकडा आणि त्याचं चित्र बोट ठेवून ताडून पाहिलं. चौदा म्हणजे जिना दोन. शंभर टक्के.

मी छापील अहवालाचं पान त्यांच्यापुढे धरलं. चित्र चौदा, जिना तीन.

त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "कागदाचं मला माहीत नाही गं. मी पाहिलं तेव्हा बरोबर होतं."

त्या दिवशी इथे कोणी आलं होतं का, असं मी विचारलं. इतका वेळ माझ्याकडे बघून बोलणाऱ्या मावशी टाचण्यांची डबी उघडून टाचण्या एका दिशेला लावायला लागल्या. कोण येणार इथे, म्हणाल्या. मावशींना खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.

त्या पाणी प्यायला उठल्या, तेवढ्यात मी त्यांच्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली. शेवटचं जतन सहा महिन्यांपूर्वीचं, ज्या दिवशी अहवाल गेला त्याच दुपारचं, तीन वाजून वीस मिनिटांचं. त्यानंतर तिला कुणाचा हात लागलेला नव्हता. मी खाली खाली गेले.

पडद्यावर लिहिलं होतं, 'चित्र १४: जिना क्रमांक दोनचा कठडा.'

मावशी खरं बोलत होत्या. फाइल एक सांगत होती आणि तिच्यातूनच निघालेला कागद दुसरं.

३

कागद कोणी बदलला? छापल्यानंतर तो दोनच हातांतून गेला होता, तपासनिसाच्या आणि साहेबांच्या.

तपासनिसाला सगळे तडेमास्तर म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा तो आधी छताकडे बघतो. बुधवारी तो टेबलावर पाय पसरून बुटांवरचा चुना झाडत होता.

"ताई, तो बोल्ट मी या बोटाने फिरवलाय," तो म्हणाला. "जिना दोन. झोपेत विचारा."

त्याने वही काढून दाखवली. जिना दोनच लिहिलेलं. कागदावर सही करताना वाचलं नाहीस का, असं विचारल्यावर तो हसला. स्वतःचाच अहवाल कोण वाचतो, म्हणे. मग वहीत मागे जाऊन त्याने फोटोंची यादी दाखवली, आणि मी सहज शेवटचा आकडा पाहिला. वीस. त्याने मावशींना वीस फोटो दिले होते.

छापील अहवालात शेवटचं चित्र एकोणीस होतं.

साहेबांकडे जाताना माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. जिना तीन फाटकाला लागून. तिथे काम करणं सोपं, सामान चढवायला नको. कुणीतरी कुणाच्या तरी सोयीसाठी आकडा फिरवला असेल तर? तसं मी तोंडावर म्हटलं नाही, फक्त विचारलं, की अहवाल त्यांच्याकडे किती वेळ होता. पण साहेब कच्चे नाहीत.

"म्हणजे आता मी आरोपी का?" त्यांनी चष्मा काढला. "अहो, मी शेवटचं पान उघडतो, सही करतो, पाठवतो. बारा वर्षं हेच करतोय. अहवाल वाचत बसलो असतो तर आकडा फिरवला असता."

ते ऐकून मला राग यायला हवा होता. उलट खात्रीच पटली. इतकं लाजिरवाणं कारण कोणी बनवून सांगत नाही.

तेवढ्यात एक वाजला.

४

छकुली दुपारी झोपते ती माझ्या हातावरच. खाली ठेवलं की जागी. म्हणून दुपारचे दोन तास माझा एक हात मोकळा असतो. सासूबाईंनी उशी सरकवून दिली, आणि कसला अभ्यास चाललाय गं, असं विचारून त्या पलीकडे गेल्या. मी त्या एका हाताने अहवाल उलटायला लागले. पहिल्या पानापासून, जसा तो कोणीच वाचला नव्हता तसा.

मजकुरात लिहिलं होतं, चित्र १ मध्ये दर्शनी भाग. होता. चित्र ३ मध्ये तिकीटखिडकीवरचा तडा. होता. चित्र ५ मध्ये गाळणीच्या टाकीची गळती. होती.

चित्र ९ मध्ये कपडे बदलायच्या खोलीची ओली भिंत. नव्हती. चित्र नऊमध्ये एक कोरडी खिडकी होती. भिंत होती आठमध्ये. चित्र ११ मधला शिडीचा गंज पाहायला गेले तर पांढऱ्याशुभ्र फरशा. शिडी दहामध्ये. चौदाचं माहीतच होतं. अठराचं छत सतरामध्ये.

पाचपर्यंत सगळं बरोबर, आणि पाचनंतर प्रत्येक आकडा एकाने चुकलेला. बोट घसरलं तर एकदा घसरतं. ते नेमकं पाचनंतर, दर वेळी, तेवढंच घसरत नाही. पाच आणि नऊच्या मधून कुठूनतरी एक चित्र निघून गेलं होतं आणि मागची सगळी एकेक पाऊल पुढे आली होती. रांगेतला माणूस गेला की होतं तसं.

पण मग पडद्यावर चौदा बरोबर कसं होतं?

गुरुवारी मी नऊला दहा मिनिटं कमी असताना ऑफिसात होते. मावशी यायच्या होत्या. फाइल उघडली आणि या वेळी चौदाकडे न धावता एकेक चित्र पाहत गेले. चित्र तीन. चित्र चार. चित्र पाच.

त्याच्या खाली चित्र सात.

सहा नव्हतंच. चित्र काढून टाकलेलं होतं, पण पुढच्या आकड्यांना त्याचा पत्ता नव्हता. ते आपापल्या जागी उभे होते. म्हणून मावशींनी बोट ठेवून ताडलं तेव्हा सगळं जुळलं.

मी कॅप्शनमधल्या आकड्यावर टिचकी मारली. त्याच्यामागे राखाडी पट्टी उमटली. मशीनने घातलेल्या आकड्यामागे ती उमटते. मग मजकुरातल्या 'चित्र १४' वर टिचकी मारली. पट्टी नाही. तो हाताने टाइप केलेला साधा आकडा.

आता मला कळायला लागलं होतं, आणि ते कळू नये असंही वाटत होतं. मी छापायचं बटण दाबलं. प्रिंटर घरघरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावरचं सात सहा झालं. आठ सात झालं. चौदा तेरा झालं. मजकुरातलं चौदा मात्र चौदाच राहिलं.

मशीनने छापण्याआधी आपले आकडे पुन्हा मोजून घेतले होते. ते आपणहून तसं करत नाही. सेटिंगमध्ये एका चौकोनात खूण करावी लागते, 'छापण्यापूर्वी आकडे ताजे करा'. मी सेटिंग उघडलं. खूण होती.

ती मी केली होती. रजेवर जाण्याआधी, मावशींच्या सोयीसाठी, म्हणजे त्यांना काही बघायलाच नको. आणि त्यांना ते सांगितलं नव्हतं. धडा दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी चित्राखालचा आकडा. दुसऱ्या दिवशी मी दाखवणार होते, की मजकुरातला आकडासुद्धा मशीनकडूनच कसा घ्यायचा, म्हणजे एक हलला की दुसरा हलतो. बाकीचं उद्या, असं म्हणून मी घरी गेले, आणि त्याच रात्री कळा सुरू झाल्या. छकुली तीन आठवडे आधी आली. तो उद्या आलाच नाही.

फाइल बंद करताना मशीनने विचारलं, बदल जतन करायचे? मावशींनी तेव्हा काय केलं असणार ते मला न विचारता कळलं. आपण तर काही बदललं नाही, फक्त छापलं, म्हणून त्यांनी 'नाही' म्हटलं असणार. म्हणून सहा महिने ती फाइल खरं बोलत राहिली.

एकच उरलं होतं. चित्र सहा.

५

तडेमास्तरच्या यादीत सहावा फोटो होता 'तळघर, पंपाची खोली'. त्याच्याकडून तो मागून घेतला. पंप, दोन जाड नळ, भिंतीवर ओल. एवढंच त्याला दिसलं होतं. मला आधी दिसला तो नळावर वाळत घातलेला फ्रॉक. हाताच्या दोन वितींचा. खाली गुंडाळलेली गादी, एक स्टोव्ह, आणि भिंतीवर खडूने काढलेला मासा, जमिनीपासून दोनेक फूट उंचीवर, जिथे लहान मुलाचा हात पोचतो.

तलावाच्या आवारात कुणी राहायचं नाही असा नियम आहे. फाटकावरच लिहिलंय.

मावशी आल्या, मी फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी पिशवी खांद्यावरून न काढताच खुर्चीत बसकण मारली.

मग सगळं सांगितलं. रखवालदार त्या दुपारी आला होता, चप्पल दाराबाहेर काढून. मुलगी वारली, जावयाने दुसरा संसार मांडला, नात या आजोबापाशी. चार वर्षांची. तो फोटो वर गेला तर दोघं रस्त्यावर. तो काही मागत नव्हता, नुसता उभा होता. मावशींनी त्याच्यासमोर चित्र काढून टाकलं, खालची ओळ काढली, मजकुरातलं पंपाच्या खोलीचं वाक्यही काढलं.

"पाचनंतर सात येतंय हे दिसलं मला," त्या म्हणाल्या. "म्हटलं राहू दे. एक आकडा नसला तर कुणाचं काय बिघडतंय."

हे त्या आत्तापर्यंत बोलल्या नव्हत्या, कारण बोलल्या असत्या तर नातीचं बिंग फुटलं असतं. कठड्याशी त्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते. खूण माझी, अर्धवट धडा माझा, तिथून सुरुवात करावी असं ठरवत होते. पण मावशी एकतीस वर्षं कागद हाताळतायत. प्रिंटरमधून आत्ता निघालेलं पान त्यांनी उचललं, चौदा पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"म्हणजे त्याला मीच पाडलं."

मी म्हटलं, आपण दोघींनी. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

६

त्याच दिवशी एक वाजता घरी न जाता मी मावशींबरोबर हॉस्पिटलात गेले. सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जा गं, तुझी लेक इथे माझ्या नाकाशी खेळतेय.

रखवालदार खिडकीकडच्या खाटेवर होता. पायाला वजन लावलेलं. नात एका लांबच्या बहिणीकडे पाठवली होती. मावशींनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. चित्र काढलं म्हणून आकडे सरकले, आकडे सरकले म्हणून भलताच कठडा बदलला गेला. एकदाही आवाज चढला नाही की रडल्या नाहीत.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं, बाई."



कामगारांनी चांगला कठडा कापायला घेतला तेव्हा तो तिथेच होता. दोनवरचा डुगडुगतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, रोज झाडू मारताना हाताला लागायचं. तोंडापर्यंत आलं होतं. पण बोललं की ते ऑफिसात फोन करणार, ऑफिसातून माणूस येणार, पुन्हा सगळं बघणार, खालची खोलीसुद्धा. म्हणून तो गप्प बसला. जिना दोनच्या तोंडाशी त्याने एक बाक आडवा टाकला आणि पाच महिने कुणाला तिथून चढू दिलं नाही. पोहायला येणारी पोरं कुरकुरायची, हा त्यांना तीनवरून फिरवून पाठवायचा. सोमवारी सकाळी झाडायला म्हणून बाक बाजूला केला आणि सवयीने हात टेकला.

"माझं बघा, मी तर झाडताना रोज त्याला हात लावत होतो," तो म्हणाला. आणि मग, जणू आमचंच समाधान करायची पाळी त्याच्यावर आली होती, "तुम्ही त्या दिवशी माझं ऐकलंत, ते कुणी ऐकलं नसतं."

मावशींनी त्याची चादर उगाचच नीट केली. नात कुठल्या बहिणीकडे आहे, घर कुठे, एवढं विचारून कागदावर लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी छकुलीला पाठीवर थोपटत मी टिपण लिहिलं. त्यात चित्र गेल्याचं होतं, कुणी काढलं ते नव्हतं. मशीन, खूण, राहिलेला धडा, सगळं माझ्या नावावर. शुक्रवारी सकाळी मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातातून घेतलं, आपल्या खुर्चीत बसून शेवटी एक परिच्छेद टाइप केला. चित्र मी काढलं, जाणूनबुजून काढलं, का काढलं. खाली सही, आणि वर जे जे माझं होतं ते तसंच ठेवलं.

साहेबांनी ते पहिल्या ओळीपासून वाचलं. वाचता वाचता उठले, दार लावून घेतलं, पुन्हा बसले. मावशींच्या परिच्छेदापाशी बराच वेळ थांबले. मंगळवारचा माणूस हा नव्हेच असं मला वाटलं.

"हा शेवटचा भाग काढून टाकू," ते हळूच म्हणाले. "मशीनची गडबड म्हणून जाईल. दोन महिन्यांत तुम्ही निवृत्त. रखवालदाराचंही कुणी काही विचारणार नाही."

मी मावशींकडे पाहिलं. हो म्हणा, असं मनात म्हटलं. मला ते इतकं हवं होतं की लाज वाटली.

"नको साहेब," मावशी म्हणाल्या. "एक काढलं की पुढचं सगळं सरकतं. मग कुणाच्या डोक्यावर येतं, ते आपल्याला दिसत नाही."

साहेबांनी सही केली. मावशींना त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. मला लेखी समज मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. तलावाचे तिन्ही कठडे आता नवे आहेत, पंपाच्या खोलीला कुलूप आहे, आणि ती चार वर्षांची मुलगी दिवसा मावशींकडे असते. मी अधूनमधून जाते, छकुलीला घेऊन. त्या पोरीने मावशींच्या भिंतीवर अजून काहीच काढलेलं नाही. मावशी रोज खडू समोर ठेवतात आणि वाट बघतात.